आधी गोष्ट की आधी सूर : शुमानच्या एका संध्याकाळचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात, वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आमचं श्रवण मंडळ भरतं. (शहर आणि माणसं ओळखू येतील असे तपशील इथे गाळले किंवा बदलले आहेत.) येणारे चाळीसेक लोक, बहुतेक साठीपुढचे, कान ख्यालावर पोसलेले. पाश्चात्त्य अभिजात संगीत मंडळात उशिरा आलं, ते एका निवृत्त प्राध्यापकांच्या हौसेमुळे. त्यांना सगळे 'सर' म्हणतात. मी चार जणांच्या समितीत आहे. कार्यक्रम आखणं, खुर्च्या मांडणं आणि चहाची व्यवस्था पाहणं ही माझी कामं.

सरांचा एक साचा ठरलेला होता. पहिला अर्धा तास संगीतकाराचं आयुष्य, मग संगीत. आणि आयुष्य म्हणजे प्रामुख्यानं त्यातली दुःखं. बेथोव्हेनचं बहिरेपण आणि त्या हताशेत १८०२ साली लिहिलेलं हायलिगेनश्टाटचं पत्र. मोत्सार्टचं अपुरं राहिलेलं रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना. चायकोव्हस्कीनं १८९३ च्या ऑक्टोबरात सहाव्या सिम्फनीचा (वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेचा) पहिला प्रयोग स्वतः संचालित केला आणि नऊ दिवसांनी तो गेला. सर सांगायचे फार छान. खरं सांगायचं तर निम्मे लोक गोष्टीसाठीच यायचे आणि संगीत हा गोष्टीवरचा प्रसाद होता. त्यात आम्हाला वावगं वाटत नव्हतं. पलुस्करांपासून कुमारांपर्यंत आपणही गाणं आठवतो ते बऱ्याचदा किश्शांसकटच.

त्या वर्षी ठरलं की रोबेर्ट शुमान या जर्मन संगीतकारावर कार्यक्रम करायचा, आणि पहिल्यांदाच काही भाग प्रत्यक्ष वाजवायचा. मंडळातल्या एका आजोबांची नात पियानोच्या वरच्या परीक्षा देत होती. तिनं शुमानच्या अगदी शेवटच्या रचनांपैकी एक बसवायला घेतली: एक मूळ चाल आणि तिच्यावरची पाच व्हेरिएशन्स, म्हणजे त्याच चालीची बदलती रूपं. लोक या रचनेला 'भुतांची व्हेरिएशन्स' म्हणतात. हे नाव शुमानचं नव्हे.

हे नाव कुठून आलं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा पेच त्यातच आहे. शुमान १८१० सालचा, झ्विकाऊचा. बोटाच्या दुखापतीमुळे पियानोवादक व्हायचं स्वप्न सुटलं. गुरूची मुलगी क्लारा वीक हिच्याशी लग्न करायला तिच्या वडिलांविरुद्ध कोर्टात जावं लागलं. ते लग्न १८४० साली झालं आणि त्याच वर्षी त्यानं शंभराहून जास्त गाणी लिहिली. मनाचे आजार आधीपासून येत-जात होते. १८५० मध्ये तो ड्युसेलडॉर्फ शहराचा संगीत-संचालक झाला, पण संचालन त्याला जमेना आणि १८५३ च्या शेवटी तिथल्या समितीनं त्याला जवळजवळ बाजूलाच केलं. १८५४ च्या फेब्रुवारीत कानात सूर घुमू लागले. १७ तारखेच्या रात्री तो उठला आणि देवदूतांनी सांगितलेली म्हणून एक चाल त्यानं लिहून काढली. तिच्यावरच्या व्हेरिएशन्सची स्वच्छ प्रत करत असतानाच, २७ फेब्रुवारीला, कार्निव्हलच्या सोमवारी, तो घराबाहेर पडला आणि त्यानं ऱ्हाईन नदीत उडी घेतली. लोकांनी वाचवलं. ४ मार्चला बॉनजवळ एन्डेनिखला डॉ. रिखार्त्स यांच्या खासगी रुग्णालयात त्याला नेलं. तिथून तो परतला नाही. २९ जुलै १८५६ रोजी तो गेला, वय ४६.

अडचण

सरांनी व्हॉट्सॲपवर पाठवायचा फलक स्वतः लिहिला. मथळा होता: 'वेडाच्या उंबरठ्यावरचे सूर'. खाली नदीचा काळपट फोटो. मी तो वाचला, 'छान' म्हणून अंगठा दाखवला आणि पुढे पाठवून दिला. प्रकरणातला पहिला निर्णय हाच, आणि तो मी दोन सेकंदांत घेतला.

दुसऱ्या दिवशी एका काकूंचा फोन आला. मंडळात पहिल्या वर्षापासून येणाऱ्या, तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसणाऱ्या, कधी फारसं न बोलणाऱ्या. त्यांचा धाकटा भाऊ बरीच वर्षं मनोरुग्णालयात होता आणि तिथेच गेला, हे मला त्या दिवशी कळलं. त्या चिडलेल्या नव्हत्या. म्हणाल्या, "विषय नको असं मी म्हणत नाहीये. पण तुम्ही त्याला आधी वेडा ठरवता आणि मग त्याचं ऐकवता. माझ्या भावाचं तसंच व्हायचं. तो चहात साखर कमी आहे म्हणाला तरी लोक एकमेकांकडे बघायचे."

मी फलक बदलायचं कबूल केलं. तेवढ्यानं भागलं असतं असं मला अजूनही कधीकधी वाटतं. पण त्याच आठवड्यात आजोबांच्या घरी तालीम झाली. आम्ही सहा जण होतो. सरांनी गोष्ट सांगितली, मग मुलीनं वाजवलं. सगळे हेलावले. एक जण म्हणाले, "माणूस तुटत चाललाय हे सुरासुरात कळतं हो." मुलीची आजी सरांच्या बोलण्याच्या वेळी स्वयंपाकघरात होती. ती पोहे घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "किती शांत आहे गं हे. प्रार्थना आहे का?"

मुलगी आजीच्या बाजूनं होती. तिचं म्हणणं असं: चाल अगदी साधी, चर्चमध्ये एकत्र म्हणायच्या भजनासारखी. पहिल्या चार व्हेरिएशन्समध्ये ती जवळजवळ जशीच्या तशी टिकते, फक्त तिच्या आजूबाजूचं बदलत जातं. दुसऱ्यात एक आवाज दुसऱ्याच्या मागोमाग तीच वाट चालतो. हे लिहायला डोकं ठिकाणावर लागतं. पाचवं जरा धूसर आहे, हे तिला मान्य होतं. "पण काका, मी कुठे चुकले तर लोकांना वाटेल तो वेडाचा भाग आहे," असंही ती म्हणाली. त्यावर हसलो सगळे, पण ते खरंच होतं.

म्हणजे प्रश्न फलकापेक्षा मोठा होता. आमचे लोक गोष्टच ऐकत होते आणि सुरांना फक्त साक्षीला उभं करत होते.

कोणते पर्याय होते

समितीची बैठक झाली. चहा दोनदा झाला, यावरून वेळेचा अंदाज यावा.

सर म्हणाले, मथळा बदला, बाकी काही बदलू नका. त्यांचा मुद्दा कच्चा नव्हता. या चालीचा जन्मच त्या रात्री झालाय. ती रात्र न सांगता चाल ऐकवणं म्हणजे पत्रावरचा पत्ता फाडून पत्र वाचणं. शिवाय श्रोत्याला ठाऊक असतंच. आपण नाही सांगितलं तर तो घरी जाऊन फोनवर वाचेल, आणि जे वाचेल ते आपण सांगितलं असतं त्याहून भडक असेल.

चिटणीसबाईंचं मत अगदी उलट: चरित्र पूर्ण वगळा. त्यांनी बेथोव्हेनचंच उदाहरण काढलं. हायलिगेनश्टाटचं पत्र ज्या वर्षी लिहिलं, त्याच वर्षी त्याच माणसानं दुसरी सिम्फनी रचली, आणि ती खळाळती, खोडकर आहे. पत्र वाचून सिम्फनी ओळखता येत नाही आणि सिम्फनी ऐकून पत्र ओळखता येत नाही. मग त्या सरांना म्हणाल्या, "कुमारांचं गाणं आपण एका फुफ्फुसातूनच ऐकायचं का?" हा वार बसला. १९४८ साली कुमार गंधर्व देवासला गेले, क्षयानं अंथरुणाला खिळले, खिडकीतून माळव्याची लोकगीतं ऐकली, हे आपल्याकडे प्रत्येकाला पाठ आहे. आणि त्यांची छोटी, झेप घेणारी तान ऐकली की शेजारचा हमखास सांगतो, फुफ्फुसामुळे बरं का. ती तान त्यांनी तशी घ्यायची ठरवली असेल, हे कोणाच्या मनात येत नाही.

तिसरा पर्याय माझा होता आणि आता त्याची थोडी लाज वाटते. मी म्हटलं, ही रचनाच नको. १८४० ची गाणी घेऊ, तिसरी सिम्फनी घेऊ. तिला 'ऱ्हाईनची सिम्फनी' म्हणतात, म्हणजे नदी तर तिच्यातही आहे, आणि कोणाचं मन दुखायचं नाही.

यावर सरांनी जे सांगितलं त्यानं बैठकीचं वळण बदललं. ते म्हणाले, हा पर्याय क्लारानं दीडशे वर्षांपूर्वीच निवडला होता, त्याचं काय झालं ते बघ.

१८५३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात शुमाननं जेमतेम दोन आठवड्यांत एक व्हायोलिन कॉन्चेर्तो (एकटं व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) लिहिला होता, योझेफ योआखिम या तरुण वादकासाठी. योआखिमनं तो तालमीत वाजवून पाहिला, पण जाहीर कार्यक्रमात कधीच वाजवला नाही. शुमान गेल्यावर क्लारा, योआखिम आणि त्यांचा संगीतकार मित्र ब्राम्स यांनी तो समग्र रचनांमध्ये घ्यायचा नाही असं ठरवलं. त्यांच्या मते त्यात थकवा जाणवत होता, आणि शुमानच्या नावाला तो कमीपणा आणेल. यात दुष्टपणा नव्हता, प्रेमच होतं. पण ती तीन माणसं आजार जवळून पाहिलेली होती, आणि सुरांत त्यांना तोच दिसला. सेलो आणि पियानोसाठीच्या पाच रचना तर क्लारानं १८९३ मध्ये नष्टच केल्या. त्या आता कोणीही ऐकू शकणार नाही.

कॉन्चेर्तोचं हस्तलिखित योआखिमकडे राहिलं. १९०७ साली तो वारला, आणि ते बर्लिनच्या ग्रंथालयात गेलं, शुमानच्या मृत्यूला शंभर वर्षं होईपर्यंत, म्हणजे १९५६ पर्यंत, बाहेर काढायचं नाही या अटीवर. १९३३ मध्ये योआखिमची नातलग असलेली व्हायोलिनवादक येली द'आरान्यी म्हणू लागली की प्लँचेटवर खुद्द शुमाननं येऊन तिला ही रचना शोधायला सांगितली. (भुतांनी या माणसाची पाठ काही सोडली नाही.) शेवटी कॉन्चेर्तो बाहेर आला तो नाझी राजवटीत. मेंडेल्सझोन हा संगीतकार ज्यू म्हणून त्याचा लाडका कॉन्चेर्तो बंद, त्या रिकाम्या जागी एक जर्मन कॉन्चेर्तो हवाच होता. अमेरिकन व्हायोलिनवादक मेन्युहिन पहिला प्रयोग करायला उत्सुक होता, पण तो मान जर्मन वादकालाच मिळाला पाहिजे असा सरकारचा हट्ट. २६ नोव्हेंबर १९३७ रोजी बर्लिनमध्ये गेओर्ग कुलेनकाम्फनं तो वाजवला. मेन्युहिननं डिसेंबरात अमेरिकेत.

"आपण जपून ठेवलं की ते सुरक्षित राहतं असं नाही," सर म्हणाले. "दुसरंच कोणी येऊन काढतं, आणि त्याला पाहिजे तसं वापरतं." माझा पर्याय तिथेच बारगळला.

चौथी वाट मुलीनं सुचवली, जाता जाता, चपला घालताना: "आधी वाजवू दे ना मला. गोष्ट मग सांगा. मग परत थोडं वाजवते."

त्या शनिवारी

फलक बदलला: 'शुमान, १८५३-५४'. फोटो नाही. सरांनी निवेदन पहिल्यांदाच लिहून काढलं आणि आम्ही ते वाचलं. 'वेडा', 'भ्रमिष्ट' असे शब्द काढून 'आजारी' ठेवला. एका तपशिलावर बराच वाद झाला. चरित्रकार सांगतात की नदीकडे जाताना पुलावर टोल द्यायला शुमानकडे पैसे नव्हते, म्हणून त्यानं आपला रेशमी रुमाल देऊ केला. सरांना तो हवा होता. चिटणीसबाईंना आणि मला वाटलं, काकूंसमोर हे नको, किस्सा होईल त्याचा. सरांनी निमूटपणे खोडला.

भाड्यानं आणलेला डिजिटल पियानो एकच स्पीकर असल्यानं जरा डबा वाजत होता, पण चाललं. साडेसहाला मुलगी बसली. प्रस्तावना नाही, फक्त संगीतकाराचं नाव. दहा-अकरा मिनिटं. प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली होती, काय वाटलं ते एका ओळीत लिहा म्हणून.

लगेच कॉन्चेर्तोचा दुसरा, संथ भाग ध्वनिमुद्रणावरून लावला. हे सरांचं नियोजन होतं आणि त्यांनी आम्हालाही कारण सांगितलं नव्हतं. सुरुवात सेलोंची, तालाच्या फटीत पाय टाकत चालल्यासारखी, मग त्यावर व्हायोलिन येतं. मिनिटभरात मागच्या रांगेतले पेटी वाजवणारे एक गृहस्थ पुटपुटले, आणि भाग संपल्यावर हात वर करून म्हणाले, "सर, ही चाल आत्ता पियानोवर झाली ना? अगदी तीच नाही, पण उठाव तोच."

सर हसले. मग त्यांनी गोष्ट सांगितली. फेब्रुवारीतल्या त्या रात्री देवदूतांनी दिलेली म्हणून जी चाल त्यानं उतरवून घेतली, ती त्याचीच होती. चार-पाच महिन्यांपूर्वी या कॉन्चेर्तोत त्यानं ती लिहिली होती, आणि त्याला ती ओळखू आली नाही. तुम्हाला आली.

हॉलमध्ये एवढी शांतता मी ख्यालाच्या मैफलीतही फार वेळा अनुभवलेली नाही. गोष्ट आधी सांगितली असती तर हा क्षण आलाच नसता. मुलीनं मूळ चाल पुन्हा एकदा वाजवली, व्हेरिएशन्सशिवाय.

काय झालं

चिठ्ठ्या तीसेक आल्या. 'शांत', 'पहाट', 'देवळात बसल्यासारखं' अशा पुष्कळ. 'झोप आली' असं दोघांनी प्रामाणिकपणे लिहिलं. एकानं फक्त 'यमन नाही' एवढंच. वेड, भीती, काळोख यांतलं काहीच कोणी लिहिलं नव्हतं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर मात्र बऱ्याच जणांना करुण वाटलं, असं चहाच्या वेळी कळलं. सूर तेच होते.

सगळं गोड झालं असं नाही. दोघा-तिघांनी तक्रार केली की आधी सांगितलं असतं तर लक्ष देऊन ऐकलं असतं. आमची परीक्षा कसली घेता? पुढच्या महिन्यात गर्दी कमी होती. आणि सर दुखावले. निवेदनावर आम्ही फिरवलेली लाल रेघ त्यांना लागली होती. पुढचे दोन कार्यक्रम त्यांनी 'तब्येत बरी नाही' म्हणून टाळले.

काकू आल्या होत्या, नेहमीच्या खुर्चीवर. चहाच्या वेळी सर त्यांच्याशी बोलायला गेले, आणि मला जे होऊ द्यायचं नव्हतं तेच केलं: रुमालाची गोष्ट सांगितली. मी कप हातात धरून जागच्या जागी थिजलो. काकू क्षणभर गप्प होत्या, मग चक्क हसल्या. म्हणाल्या, "आमचा भाऊ एकदा रिक्षावाल्याला घड्याळ देऊन आला होता. सुटे नव्हते म्हणून. टोल बुडवायचा नाही, एवढं भान होतं बघा त्याला." मग त्यांनी कॉन्चेर्तोचं नाव कागदावर लिहून मागितलं.

पुन्हा करायचं झालं तर

फलक समितीतल्या दोघांनी तरी वाचल्याशिवाय पाठवायचा नाही, हा नियम आता आहे. त्याबद्दल जास्त बोलण्यासारखं काही नाही.

सरांशी आधी एकट्यानं बोलायला हवं होतं. काकूंचा फोन आल्यावर मी थेट समितीच्या ग्रुपवर टाकलं आणि पंधरा वर्षं मंडळ वाहिलेल्या माणसाला सगळ्यांसमोर आरोपी केलं. त्यांच्या घरी जाऊन सांगितलं असतं तर मला वाटतं त्यांनी स्वतःच तो मथळा खोडला असता.

रुमाल काढायला नको होता. ज्यांच्यासाठी आम्ही तो काढला त्यांनाच तो हवासा वाटला, आणि हे त्यांना विचारायचं आमच्या डोक्यातही आलं नाही. नदीचा फोटो हा भडकपणा होता, रुमाल नव्हता. फोटोत फक्त आजार होता. रुमालात, तशा अवस्थेतही टोल चुकवू न पाहणारा माणूस होता. हा फरक आम्हाला बैठकीत कळला नाही.

श्रोत्यांमधून प्रश्न आला होता, 'त्याला नेमकं झालं काय होतं?' सरांनी एका वाक्यात निदान सांगून टाकलं. डॉ. रिखार्त्स यांच्या नोंदी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत उजेडात आल्या नव्हत्या आणि आजही डॉक्टरांचं त्यावर एकमत नाही. कोणी उपदंशाचा मेंदूवरचा परिणाम म्हणतं, कोणी उन्माद-नैराश्याचा आजार. मतभेद आहेत एवढं म्हणणं पुरे होतं.

क्लाराकडे आमचं साफ दुर्लक्ष झालं. आम्ही तिला रचना दडपणारी बाई म्हणून आणली आणि सोडून दिली. तो एन्डेनिखला गेला तेव्हा तिच्या पोटात मूल होतं. जवळजवळ अडीच वर्षं तिला त्याला भेटू दिलं नाही. भेट झाली ती त्याच्या मृत्यूच्या दोन दिवस आधी. त्या काळात आणि नंतरही तिनं गावोगाव पियानोचे कार्यक्रम करून घर चालवलं. अशा बाईनं ती शेवटची पानं कपाटात का ठेवली असतील, याचा विचार त्या संध्याकाळी व्हायला हवा होता. कदाचित तिला लोकांचे चेहरे आधीच दिसले असतील, आमच्या तालमीतले सहा चेहरे.

आणि एक गोष्ट जी सर परत आल्यावर त्यांनीच दाखवली. कॉन्चेर्तोचा दुसरा भाग आम्ही ऐकवला, तो तिसऱ्या भागात न थांबता मिसळतो. आम्ही तिथे आवाज हळूहळू खाली नेऊन बंद केला. का? कारण तिसरा भाग लांबलचक, पुन्हा पुन्हा तेच सांगणारा, अशी त्याची ख्याती, आणि लोक कंटाळतील अशी मला भीती. शुमाननं त्यावर लिहिलेली लय इतकी संथ आहे की बरेच वादक ती पाळतच नाहीत, पळवतात.

"म्हणजे शेवटी तूही योआखिमच," सर म्हणाले. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. पुढच्या शनिवारचा कार्यक्रम त्यावर लिहिलेला होता: फक्त तिसरा भाग, दोनदा, एकदा पळवलेला आणि एकदा शुमाननं सांगितलेल्या लयीत. निवेदन पाच मिनिटं. मी ते वाचून झाल्यावर त्यांनी लाल पेन पुढे केलं.

मी ते घेतलं नाही. खुर्च्या किती लागतील तेवढं विचारलं.